कुणाच्या घरची

कुशाबाईनं अंजलीला दारातून परत पाठवलं, ही बातमी भीमनगरात चहाला आधण यायच्या आत घरोघर पोचली. बरं, परत पाठवलं तेही कसं? 'जय भीम' घातला, पाणी दिलं, बसायला वाकळ अंथरली, निम्म्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली आणि मग एकाएकी हात जोडून म्हणाली, "ऊठ बाई आता. तुला कामं असतील." चार शिव्या देऊन हाकललं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. कुशाबाईच्या शिव्या अख्ख्या वस्तीनं खाल्लेल्या होत्या आणि त्या पचतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती हात जोडून बोलली म्हणजे कुठंतरी खोल लागलं होतं.

साल एकोणीसशे नव्याण्णव, मे महिना. सरकारनं रेशनकार्डांना रंग द्यायचं ठरवलं होतं. गरिबांना पिवळं, मधल्यांना केशरी आणि पैसेवाल्यांना पांढरं. बावड्याच्या अलीकडच्या या नीरेकाठच्या गावात मग रंगपंचमी उलटून दोन महिने झाले तरी रंगांचंच बोलणं चालू होतं. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथं पाच-पाच एकर ऊस कारखान्याला घालणाऱ्यांनाही आपलं घर पिवळं दिसायला लागलं होतं. आणि ज्यांच्या घरात खरोखर काही नव्हतं, त्यांतल्या निम्म्यांना कार्डं बदलतायत याचा पत्ताच नव्हता.

म्हणून इंदापूरच्या एका संस्थेनं एकट्यादुकट्या म्हाताऱ्या माणसांकडं जायचं ठरवलं. त्यांना काय मिळतं, काय मिळत नाही, त्यांचं म्हणणं काय हे विचारायचं आणि हातासरशी पिवळ्या कार्डाचा अर्जही भरून घ्यायचा. या कामाला लावलेली अंजली बारामतीला कॉलेज केलेली, तेवीस वर्षांची, बौद्ध घरातलीच पोरगी. तिची आजी कुशाबाईच्या बरोबरीनं खुरपायला जायची. तेव्हा परकी म्हणून परत पाठवलं असंही म्हणता येत नव्हतं.

कुशाबाईची सत्तरी सरली होती. नवरा गेणबा जाऊन नऊ वर्षं झाली होती. एकुलती लेक भिमा बारामतीला दिलेली. जावई एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात होता, फटफटीवर कामाला जायचा. पत्र्याची एक खोली, एक शेळी, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि गुडघे दुखायला लागल्यापासून रोजगार बंद, असा कुशाबाईचा संसार होता. भिमा दोन महिन्यांतून एकदा धान्याचं गठुडं घेऊन यायची. कुशाबाई त्यातलं निम्मं तिच्याच पिशवीत परत कोंबायची. "किडं पडत्यात गं हितं. मला येकलीला किती लागतंय?" लेकीच्या घरच्या अन्नावर म्हातारपण काढायचं नाही, ही तिची जुनी रीत होती. "इकडंच या राहायला" असं जावयानं कितीदा म्हटलं. ही जायची, दोन दिवस राहायची आणि शेळीचं निमित्त काढून परत यायची.

दिवसाला ती एकच भाकरी करायची. अर्धी सकाळी, अर्धी दिवस मावळताना. "दात राह्यलं न्हायत, चाववत न्हाय," असं भिमाला सांगायची. तिचे दोन दात सोडले तर बाकीचे शाबूत होते, आणि ते भिमालाही दिसत होते. पण आईपुढं बोलायची सोय नव्हती.

अंजलीनं विचारलं होतं, "आजी, दिवसातून किती वेळा जेवता?"

"दोनदा," कुशाबाई म्हणाली. खोटं तरी कुठं होतं?

असे दहा प्रश्न झाले. अकराव्या प्रश्नाशी अंजली जरा सावरून बसली, कारण हा तिचा आवडता प्रश्न होता. कागदावर छापलं होतं तसंच तिनं वाचलं, "पोटभर अन्न हा आपला हक्क आहे, असं तुम्हाला वाटतं का? होय, नाही, की सांगता येत नाही?"

कुशाबाईचा चेहरा उतरला. "काय म्हनलीस?"

"हक्क, आजी. हक्काचं अन्न. सरकारनं ते दिलंच पाहिजे."

"हक्काचं," कुशाबाईनं तो शब्द तोंडात खडा आल्यासारखा धरला. "हक्काचं आमी सोडलंय, बाई. तू जल्मायच्या आदी सोडलंय. आन् तू आपल्यातली पोर आसून मला ते परत घ्याया सांगतीस?"

त्यानंतरच तिनं हात जोडले. अंजली कागद सावरत उठली. तिला तीन उत्तरं शिकवलेली होती, हे चौथं कुठं लिहायचं ते तिला कळेना.

आता यात चूक कुणाची म्हणावी? अंजलीसाठी हक्क हा घटनेतला शब्द होता, भाषणांतला, मोर्च्यातला, मान ताठ करणारा. कुशाबाईनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती नव्यानं नांदायला आलेली चौदा वर्षांची सून होती, आणि तेव्हा त्या शब्दाला शिळ्या कालवणाचा वास होता.

त्या काळी गावची वेस राखायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं जनावर ओढायचं ही कामं महारवाड्यातल्या घरांना पाळीनं करावी लागत. ज्याची पाळी तो येसकर. आणि या सगळ्याच्या बदल्यात त्याला काय? तर दिवस मावळताना घुंगरांची काठी वाजवत घरोघर फिरायचं आणि प्रत्येक दारातून भाकरी मागायची. गाव म्हणायचं, हा यांचा हक्क आहे. महारवाडाही तेच म्हणायचा. बाया वरून भाकरी टाकायच्या, हात लागू नये म्हणून जरा उंचावरूनच. पाच घरचं कालवण एका गाडग्यात पडायचं. कुणी करपलेली दिली, कुणी बुरशीची दिली, तरी "सुखी ऱ्हा माय" म्हणून पुढच्या दाराला जायचं. जास्तीच्या भाकरी उन्हात वाळवून कुटके करून ठेवायचे. हा हक्क.

कुशाबाईची सासू चंद्राबाई या भाकरींची मोठी जाणकार होती. डोळे मिटून भाकरीची कड दोन बोटांत धरायची आणि सांगायची, "ही शिंप्याची. पातळ असतीय, पर भाजतीय चांगली. ही माळ्याची, मीठ इसरलीया आज. ही पाटलाची, जाड, कडंला बोटांचं ठसं." कधी चुकली नाही. कुशाबाईला तेव्हा गंमत वाटायची. पुढं कधीतरी तिच्या ध्यानात आलं, की सासूला गावातल्या प्रत्येक घरची भाकरी ओळखू येते, फक्त स्वतःच्या घरची येत नाही. कारण त्या घरात तवा तापायचा तो सणावारालाच.

छप्पन साली नागपूरच्या धम्मदीक्षेची बातमी आली. तक्क्यात, म्हणजे वस्तीच्या बैठकीच्या जागेत, सगळे जमले आणि ठरलं, की आजपासून मेलेलं ओढायचं नाही आणि भाकरी मागायची नाही. घुंगरांची काठी गेणबानं मोडून चुलीत घातली आणि घुंगरं नीरेत टाकून आला. चंद्राबाई म्हातारी म्हणाली, "हक्क सोडला." आणि तोंड धुतल्यासारखी हसली.

गावानं मग कामं देणं बंद केलं. तुमाला आमची भाकर नको, तर आमचं रान बी नको. तो हिवाळा भीमनगरातल्या जुन्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. बांधावरची चिलाची भाजी, घोळीची भाजी, मीठ असलं तर मीठ. कुशाबाईला पाचवा महिना लागला होता. भिमा पोटात होती. आणि तरीही तो हिवाळा आठवला की कुशाबाई म्हणायची, "उपाशी व्हतो, पर ती भूक आमची सोताची व्हती. कुणाच्या उंबऱ्यावर बसल्याली न्हवती."

एवढंच ती सांगायची. पुढचं कुणालाच नाही. गेणबालाही नाही.

पुढचं असं, की पौषात चंद्राबाईला ताप भरला. कुशाबाई पाटलाच्या हरभऱ्याच्या बांधावर चिल तोडत होती, तेवढ्यात पाटलाची धाकटी सून मालनबाई न्याहारीची पाटी डोक्यावर घेऊन आली. दोघी एका वयाच्या. मालनबाईनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, फडक्यातली एक भाकरी काढली आणि कुशाबाईच्या हातात दिली. "सासू आजारी हाय," कुशाबाई म्हणाली, घेण्याला काहीतरी कारण हवं म्हणून. पदराखाली झाकून तिनं भाकरी घरी नेली. चंद्राबाईनं डोळे मिटूनच कड चाचपली.

"पाटलाची हाय," ती म्हणाली. "हक्काची. आपुन सोडलंय ते. दिऊन ये परत."

कुशाबाई भाकरी घेऊन निघाली ती ओढ्याकाठच्या बाभळीपर्यंत गेली. तिथं बाभळीच्या आडोशाला उभं राहून तिनं ती अख्खी भाकरी खाल्ली. पडलेले कणसुद्धा पदरातून वेचून खाल्ले. मग तोंड धुऊन घरी आली आणि म्हणाली, "आत्याबाई, दिली." चंद्राबाईनं तापलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. आठव्या दिवशी म्हातारी गेली. तापानं गेली, असं सगळे म्हणतात.

तो हात कुशाबाईच्या डोक्यावर बेचाळीस वर्षं तसाच होता. बहात्तरच्या दुष्काळात तिनं खडी फोडली आणि कामावर वाटली जाणारी सुकडी खाल्ली. त्याचं तिला काही वाटलं नाही, ती घामाची होती. पण सोडल्यावरही हक्काची एक भाकरी आपण खाल्ली, ती एकच, आणि आता मरेपर्यंत दुसरी नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलेलं होतं. त्यावर ही अंजली कागद घेऊन आली. तिला बिचारीला काय ठाऊक?

अंजलीच्या आजीनं नातीला त्या रात्री येसकराच्या भाकरीचं सांगितलं असावं, कारण चौथ्या दिवशी पोरगी पुन्हा आली ती कागद पिशवीतच ठेवून. उंबऱ्याशी बसली.

"चुकलं माझं, आजी. मला तो शब्द एवढाच ठाऊक होता."

"तुजं काय चुकलं?" कुशाबाई शेळीपुढं पाला टाकत म्हणाली. "शबुद तुमी धुऊन घेतलासा. आमच्याकडं मळकाच राह्यला."

"गुरुवारी यादी इंदापूरला जाणार. नंतर नाव घालता येणार नाही. आज मी काही विचारत नाही. तुम्हीच विचारा, मी सांगते."

कुशाबाईला पोरीची दया आली आणि मग पहिल्यांदाच स्वतःचीही थोडी आली. घरच्या डब्यात ज्वारी होती ती भिमा येईपर्यंत पुरणार नव्हती, आणि भिमाच्या नवऱ्याच्या कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्याचं कानावर आलं होतं. यापुढं गठुडं आलं तर ते नातवंडांच्या ताटातलं येणार होतं.

"कुठं उभं ऱ्हाऊन घ्यायचं असतंय ते?" तिनं विचारलं.

"दुकानाच्या दारात. रांगेत."

"रांगत कोन कोन असतंय?"

"सगळेच."

"पाटलाचं बी?"

"रॉकेलला, साखरेला येतातच की."

रेशनच्या दुकानाचं काम गेणबाकडं असायचं. तो गेला, जुनं कार्ड उंदरांनी खाल्लं आणि कुशाबाईनं त्या दुकानाचं तोंड पाहिलं नाही. अंजलीला तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. "बघून सांगते," म्हणाली. अंजलीला वाटलं, विचार करून सांगते असं म्हणायचं असेल. पण कुशाबाई म्हणाली त्याचा अर्थ तेवढाच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत गावात गेली आणि दुकानासमोरच्या सोसायटीच्या ओट्यावर बघत बसली.

दुकान अप्पाचं. माल आलेला होता, रांग पार चावडीपर्यंत गेलेली. कुशाबाई एकेकाला ओळखत होती: माळ्याची सून, शिंप्याचा म्हातारा, भीमनगरातल्या दोघीजणी, ऊसतोडीवरून परत आलेली माणसं. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. अप्पा नाव पुकारी, काट्यात माप टाकी, पिशवीत ओती. काही टाकलं जात होतं ते ताजव्यातच. कुणी कुणाला "सुखी ऱ्हा" म्हणत नव्हतं. उलट माल घेताना सगळे कुरकुरत होते, आणि ते तिला फार नवलाचं वाटत होतं.

तेवढ्यात दुकानाच्या तोंडाशी आवाज चढला.

"अप्पा, काटा थरथरतोय तवर पिशवीत वतू नगंस. ठरू दे. मला म्हातारी बगून गंडवतोस व्हय?"

"अवो काकी, बरोबर हाय."

"बरोबर हाय तर परत तोलायला तुजं काय जातंय?"

अप्पानं हात कपाळाला लावला, पण साखर पिशवीतून काढून पुन्हा तोलली. आणि एक मूठ वर घातली, कारण कमी भरली होती. रांगेत हशा पिकला. भांडणारी म्हातारी पिशवीचं तोंड बांधत उन्हात आली तेव्हा कुशाबाईनं ओळखलं. मालनबाई होती.

ती गुडघे धरत ओट्याकडं आली आणि कुशाबाईच्या शेजारी बसली. शेजारी म्हणजे अगदी पदराला पदर लागेल अशी. गावात आता कुणी त्याकडं वळून पाहत नव्हतं, पण त्या दोघींना ते कळलं असणार.

"कुशाबाई व्हय गं? उन्हात काय बसलीयास? रांगत न्हाय लागत?"

"माजं कार्ड न्हाय." आणि मग राहवलं नाही म्हणून कुशाबाईनं विचारलं, "तुमी कशाला येता? घरात पोती हायती की."

"पोती हायती. कोठीची चावी सुनंकडं हाय," मालनबाई हसली. "चहात साखर किती घालायची ती सून ठरीवती. दुसऱ्यांदा वाढ म्हनायला जीभ वळत न्हाय बग. वाटण्या झाल्या तवा मी कायबी मागितलं न्हाय, येक कार्ड तेवडं सोताच्या नावानं काडून घेतलं. हितं माजं नाव पुकारत्यात. मालन मानसिंग. महिन्यातनं येकदा का हुईना."

भरल्या घरातली म्हातारी आणि रिकाम्या घरातली म्हातारी, दोघी एका ओट्यावर बसल्या होत्या. कुशाबाईच्या मनात बेचाळीस वर्षं साठलेलं वर आलं. एवढ्या जवळ पुन्हा कधी बसायला मिळेल न मिळेल.

"मालनबाई, तुमी येकदा भाकर दिली व्हती. हरभऱ्याच्या रानात."

मालनबाईला आठवायला वेळ लागला नाही. "चंद्राबाईसाटी."

"तिनं खाल्ली न्हाय. हक्काची हाय, परत दिऊन ये म्हनली. म्या दिली न्हाय. बाभळीमागं हुबं ऱ्हाऊन खाल्ली."

"आगं मंग? तुलाच दिली व्हती मी." मालनबाईनं तिच्याकडं वळून पाहिलं. "पोट दिसत व्हतं तुजं. मला बी तवाच दिवस गेल्यालं, मला कळत व्हतं भूक कशी लागती ते. सासूचं नाव तूच काडलंस. मी म्हनलं, आसंल."

"हक्काची न्हवती?"

"कसला हक्क? माज्या न्याहारीतली व्हती. वरनं टाकली व्हती का मी?"

कुशाबाईनं आठवून पाहिलं. नव्हती टाकली. हातात दिली होती. बोटाला बोट लागलं होतं आणि दोघी दचकल्या होत्या. एवढं कसं विसरले मी, असं तिला वाटलं. "पर चोरून दिली," ती म्हणाली.

"चोरूनच दिली. उघड द्यायची छाती न्हवती माजी."

कुशाबाईनं माफ केलं असंही नाही, आणि राग धरला असंही नाही. काही गोष्टींना उशीर होतो तो होतोच. पण मालनबाई उठायला लागली तेव्हा तिनं आपली काठी पुढं केली आणि मालनबाई ती धरून उठली.

संध्याकाळी तिनं अंजलीला निरोप धाडून बोलावून घेतलं. पोरगी धावत आली, पदर नाही म्हणून ओढणीनं घाम पुसत.

"ती भांडली गं," कुशाबाईनं सुरुवातच अशी केली.

"कोण, आजी?"

"मालनबाई. माप कमी दिलं म्हनून भांडली, आन् त्यानं परत तोललं. आमाला भांडता येत न्हवतं, पोरी. करपल्याली दिली तरी सुखी ऱ्हा म्हनायचं. आमच्या त्या हक्कात भांडान न्हवतं." तिनं अंजलीचं मनगट धरलं. "ह्यात हाय का? माज्यासारखीनं भांडलं तर चालतंय?"

"चालतं आजी. दुकानदाराशी भांडा, नाही ऐकलं तर तहसीलदाराकडं तक्रार करा. मी लिहून देईन."

"मंग लिही व्हय म्हनून. अकराव्याला. आन् फुडं लिही, तोलून."

अंजलीनं 'होय'वर खूण केली आणि पुढं मोकळ्या जागेत लिहिलं, 'तोलून'. तिचे डोळे भरून आले होते, पण कुशाबाईला तसं दिसू दिलं तर ती शिवी देईल या भीतीनं ती कागदावरच वाकून राहिली. शेवटचा, बाविसावा प्रश्न होता: आणखी काही सांगायचे आहे का?

"हाय की," कुशाबाई म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाला काय खाल्लं, किती खाल्लं एवडंच इचारू नगा. कुनाच्या हातनं खाल्लं आन् कसं बसून खाल्लं, ते बी इचारा. आमी किती खातो ते खोटंच सांगतो. दोनदा जेवते म्हनलं ना मी तुला? येकच भाकर असती. अर्धी-अर्धी." आणि लगेच बोट उगारून म्हणाली, "हे भिमाला सांगू नगंस."

अंजलीनं भिमाला सांगितलं की नाही ते ठाऊक नाही. पण पुढच्या खेपेला भिमानं आणलेलं गठुडं कुशाबाईला परत कोंबू दिलं नाही, आणि मायलेकींचं त्यावरून असं कडाक्याचं भांडण झालं की वस्तीला बरं वाटलं.

कार्ड यायला श्रावण उजाडला. पिवळं, कोरं, वर फोटो चिकटवलेला; फोटोत कुशाबाई कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. त्या महिन्यात दुकानात गव्हाबरोबर ज्वारीही आली होती. कुशाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत उभी राहिली. अप्पानं नाव पुकारलं, "कुशाबाई गेणबा." ती पुढं झाली. अप्पानं ज्वारी तोलली, काटा ठरू दिला, पिशवी पुढं धरली.

"परत तोल," कुशाबाई म्हणाली.

"अवो आजी, बघितलंसा की तुमी. काटा ठरला व्हता."

"परत तोल."

अप्पानं परत तोललं. वजन बरोबर होतं. ते कुशाबाईला पहिल्याच खेपेला दिसलं होतं. मागं रांगेत उभी असलेली मालनबाई पदर तोंडाला लावून हसत होती.

दुपारी गिरणीतून पीठ आलं. कुशाबाईनं तवा तापवला आणि दोन भाकरी थापल्या. पहिली उतरवून टोपल्यात ठेवली आणि जरा निवल्यावर हातात घेतली. मग डोळे मिटले आणि कड दोन बोटांत धरली. पाटलाची नव्हती. शिंप्याची नव्हती, माळ्याचीही नव्हती. मध्यम जाडीची, एका बाजूला जरा फाटलेली, कारण उजवा अंगठा आता नीट वाकत नव्हता.

"आत्याबाई, वळखा बगू कुनाच्या घरची," ती हळूच म्हणाली.

मग ताटात कांदा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन ती भिंतीला पाठ टेकून बसली. अर्धी खाल्ली आणि सवयीनं तिचा हात थांबला. उरलेली टोपल्यात ठेवायला उचलली, पण ठेवली नाही. ती खाल्ली, आणि दुसरीही घेतली. दार उघडंच होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुशाबाई जेवताना दिसत होती.